पडीत वावरावरून विमान

कार्तिक आला की बालाघाटच्या रस्त्यावर धानाच्या ट्रॉल्या सुरू होतात. पोत्यांवर पोती, त्यांच्यावर कोणीतरी आडवा पडून मोबाइल बघत असतो, आणि मागे रस्ताभर भुसा उडत राहतो. माझ्या दुकानाच्या काचेवर त्याचा पिवळट थर बसतो. सकाळी पुसला तरी संध्याकाळी पुन्हा आहेच. या दिवसांत लोकांना बरं वाटतं. ऊन मऊ होतं, बाजारात शिंगाडे येतात, पहाटे पायाशी पडलेली गोधडी वर ओढावीशी वाटते. मला मात्र राग येतो. मागच्या कार्तिकात तो आला आणि गेलाच नाही, लोणच्यासारखा मुरत बसला आहे.

राग कोणावर ते सांगायचं तर विमानापासून सुरुवात करावी लागेल. विमान खरं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. माझी मुलगी पल्लवी जबलपूरला कॉलेजात गेली तेव्हा हा खेळ आणि तो चालवायची काळी दांडी मागे ठेवून गेली. त्यात सगळी पृथ्वी आहे. आकाशातून काढलेले फोटो जमिनीवर अंथरलेले, आणि त्यांच्यावर झाडं-घरं मशीनने आपल्या अंदाजाने उभी केलेली. एक छोटं विमान घ्यायचं आणि हवं तिथं भटकायचं. पल्लवी बर्फाच्या डोंगरांवर जायची. मी बैहरजवळच्या बिरव्याच्या जुन्या धावपट्टीवरून निघायचो. आधी उकव्याच्या खाणींचे काळपट डाग, मग नुसतं जंगल, मग घाट एकदम खाली पडतो आणि समोर सपाट मुलूख उघडतो. बालाघाट मागे टाकून वैनगंगा ओलांडली की थोड्या वेळात कटंगी, आणि कटंगीच्या पुढे, तुमसरच्या रस्त्याला, आमचं गाव. खड्डा नाही, धूळ नाही, बसमध्ये कोणाची कोपरं नाहीत. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी हा फेरफटका मारायचो. दुकानाच्या मागेच घर, आतल्या खोलीत कॉम्प्युटर. चार वाजता उठलो की डोकं हलकं झालेलं असायचं. इंटरनेटवर मी एकदा लिहिलंही होतं की आपल्याच मुलखावरून अर्धा तास फिरून या, दिवसाची कटकट विसराल. ते वाक्य अजून तिथं आहे, आणि लोकांना अजून आवडतं.

माझं दुकान ऑनलाइन अर्जांचं. शेतकरी येतात, खसरा, म्हणजे जमिनीचा उतारा, काढून नेतात, नकाशा काढून नेतात, नोंदणी करून नेतात. कोणाच्या जमिनीला किती कोपरे आहेत ते मी कागद न बघता सांगेन. आमच्या वावराचा खसरा नंबर तर झोपेतही म्हणेन. पण त्या वावरात मी शेवटचा कधी उतरलो हे मला आठवत नाही. सहावीत मला बालाघाटच्या वसतिगृहात घातलं. दिवाळीच्या सुटीत घरी यायचो, बाबांचा डबा घेऊन निघायचो, पण ते मोहाच्या झाडापुढे येऊ द्यायचे नाहीत. पुढं चिखल आहे म्हणायचे, तुझे शाळेचे कपडे आहेत. स्वतः चिखलातून चालत वर यायचे, झाडाखाली बसून जेवायचे आणि मला हात धुतलेलं पाणीसुद्धा लागू द्यायचे नाहीत. मी त्या झाडाखालीच मोठा झालो.

मागच्या वर्षी मृगाच्या तोंडावर बाबा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, माती टाकायला गेले आणि घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं आणि मी त्यांना गावाकडे न नेता बालाघाटला, माझ्या घरी आणलं. वॉकर धरून दाराशी यायचे, आभाळ बघायचे आणि परत जाऊन बसायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, तेव्हा गावाकडे वावराकडे बघणारं दुसरं कोणी नव्हतं. वावर म्हणजे काय, तीन बांध्या. धान लावायला चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेली जमीन, तिला आमच्याकडे बांधी म्हणतात. तीन बांध्या म्हणजे फार नव्हेत, पण बाबांच्या हाती आल्यापासून त्या एकदाही रिकाम्या राहिल्या नव्हत्या.

शेजारच्या वावराच्या देवाजीभाऊनं मला तीनदा फोन केला, पऱ्हे टाकू का, म्हणजे रोपं करून ठेवू का. पहिल्यांदा मी म्हटलं, बघतो. दुसऱ्यांदा म्हटलं, या आठवड्यात येतो. ते दिवस प्रवेश अर्जांचे, दुकानात उभं राहायला जागा नसते. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी उचलला नाही. दुकानातल्या गर्दीचं कारण मी स्वतःला वर्षभर सांगितलं आहे आणि आता मला ते ऐकवत नाही. एका रविवारी बस धरून गेलो असतो तर काम झालं असतं. गेलो नाही. रोवणीचे, म्हणजे ती रोपं चिखलात लावायचे, दिवस आले आणि गेले, आणि आमच्या तीन बांध्या पडीत राहिल्या.

बाबांना मी सांगितलं की देवाजीभाऊनं बटईनं वावर केलं आहे, अर्धं त्याचं, अर्धं आपलं.

एक खोटं बोललं की त्याला खत-पाणी घालावं लागतं. बाबा रोज विचारायचे. रोवणी झाली का, पाणी किती आहे, धान पोटरीवर आलं का, निसवलं का. मला यातलं काय कळत होतं? मग मी दुकानात येणाऱ्या माणसांना विचारू लागलो. खैरलांजीकडचा कोणी म्हणाला की यंदा पोटरी लवकर धरली, तर संध्याकाळी आमचंही धान पोटरीवर यायचं. कोणी तुडतुड्यानं वैतागला असेल, तर आमच्याही वरच्या बांधीत थोडा तुडतुडा पडायचा आणि देवाजीभाऊ फवारणी करायचा. बाबा चिंता करायचे, मग फवारणी ऐकून समाधानाने मान हलवायचे. उसन्या बातम्यांवर मी एक अख्खं पीक उभं केलं. माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून सगळं ऐकायची. एकदा तिनं मला बाजूला बोलावून सांगितलं की त्यांले सांगून टाका, पडीत राहिलेलं ते सहन करतील, पण हे खोटं सहन करणार नाहीत. मी तिच्यावरच चिडलो. ज्याच्यावर चिडायचं तो आपण असलो की माणूस बायकोवर चिडतो, ही काही माझी एकट्याची रीत नव्हे.

कार्तिक लागला तसा बाबांनी गावाला जायचा हट्ट धरला. डॉक्टरांनी बसमध्ये बसायला मनाई केली होती, ती मला देवासारखी धावून आली. मी मनाईला आणखी दोन महिने माझ्या पदरचे जोडले. तरी बाबा ऐकेनात. कापणी आली, डोळ्यांनी पाहू दे, एवढंच म्हणायचे. तेव्हा मला विमान सुचलं. म्हटलं, बाबा, घरात बसून गाव दाखवतो. त्या क्षणी मला मी फार हुशार आणि फार मायाळू मुलगा वाटलो होतो, हे आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाबांना खुर्चीत बसवलं, मागे उशी दिली. घाट उतरताना त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. वैनगंगा दिसली तेव्हा हात जोडले. कटंगी ओलांडून मी विमान खाली आणलं, तर गावात मशीनने लाल छपरांची दुमजली घरं उभी केली होती, तलावाच्या मधोमध झाडं लावली होती, आणि शाळेच्या जागी काचेची इमारत. बाबा वैतागले. हे कोणाचं गाव दाखवून राह्यला, म्हणाले. मग थोडं पुढं वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि काचेवर बोट ठेवलं. नकाशा नाही, नंबर नाही. पाण्याच्या वाटेवरून ओळखलं त्यांनी. देवाजीच्या बांधीचं पाणी हिच्यात पडते, हिचं तिच्यात, तिचं शेवटच्या बांधीत आणि तिथून नाल्यात. जन्मात कधी आकाशातून जमीन न पाहिलेल्या माणसाने आपलं वावर अर्ध्या मिनिटात शोधलं.

आणि ते वावर करडं होतं. उघडं, कोरडं, एक हिरवी काडी नाही.

बाबांनी त्या करड्या चौकोनांवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाले, "पडीत हाय?"

पण आजूबाजूची सगळीच वावरं करडी होती, कारण तो फोटोच भर उन्हाळ्यात काढलेला. मी म्हटलं, "उन्हाळ्याचा फोटो हाय, बाबा. सारंच असं दिसते."

बाबांनी इकडेतिकडे बघितलं, देवाजीचं वावरही तसंच आहे हे पाहिलं, आणि हौ म्हणाले. त्या पूर्ण हंगामात मी बाबांना सांगितलेली ती एकच खरी गोष्ट होती, आणि ती मी लपायला वापरली.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही उडायचो. बाबा आधीच तोंड धुऊन, टोपी घालून खुर्चीशी तयार असायचे, गावाला जायचं तर टोपी हवीच. जाताना रस्त्यातल्या गावांची नावं सांगायचे, कोणाची लेक कुठं दिली, कुठल्या नाल्यात बैल अडकला होता. आमच्या वावरावर आलो की मी विमान गोल-गोल फिरवायचो. बाबा त्या करड्या चौकोनांकडे बघत म्हणायचे, आता मधली बांधी वाकली असन, तिले वारा लागते. माझ्या उसन्या बातम्यांनी ते त्या उघड्या जमिनीवर धान पेरत होते, आणि मला हे दिसत असूनही मजा येत होती. हो, मजा. बाप शेजारी बसला आहे, हसतो आहे, कटकट नाही, गावाला नेण्याचा तगादा नाही. चार वाजता माझं डोकं नेहमीसारखं हलकं व्हायचं. मला सगळ्यात जास्त राग त्या हलक्या डोक्याचा येतो.

वरून सगळं शांत दिसतं याचं लोकांना काय कौतुक आहे? वरून कोणाची वाकलेली पाठ दिसत नाही. चिखलात दिवसभर उभं राहून पायाच्या बोटांत पडलेल्या चिरा दिसत नाहीत. वरून कोणी हाक मारत नाही, कोणी विचारत नाही की तीनदा फोन केला तर उचलला का नाहीस. पंधराशे फुटांवरून कोणीही आपल्या गावाचा लाडका मुलगा असतो. आणि या पळपुटेपणाला मी विसावा म्हणत होतो, चार लोकांना शिफारस करत होतो.

सापडलो तो माझ्याच आगाऊपणाने. बाजारात एक बाई लोंब्यांच्या जुड्या विकायला बसली होती. नव्या धानाच्या लोंब्या दारावर बांधतात, चिमण्या येऊन टिपतात, घराला बरं असतं. बाबांनी काही मागितलं नव्हतं. माझ्या पिकात एवढीच कसर राहिली आहे असं मलाच वाटलं. चांगली भरघोस जुडी घेतली, घरी येऊन बाबांच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं की देवाजीभाऊनं पाठवली, आपल्या वावरातली.

बाबांचा चेहरा उजळला. दोन्ही हातांनी त्यांनी जुडी उचलली, नाकाशी नेली. मग उजळलेलं हळूहळू मावळलं. एक दाणा काढला, नखाने सोलला, दातांखाली धरला. मी उभाच. आमच्या तिन्ही बांध्यांत बाबा चिन्नोर लावतात. बारीक दाण्याचं, वासाचं, उशिरा येणारं धान. कार्तिक पौर्णिमा उलटल्याशिवाय त्याला कोणी विळा लावत नाही. बालाघाट जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला हे कळतं. मी आणलेली जुडी जाड्या, हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाची होती. चाळीस वर्षं मी ज्या ताटातला भात खाल्ला, तो कोणता होता हे मला ठाऊक नव्हतं.

"देवाजीनं नाही रोवलं," बाबा म्हणाले. विचारत नव्हते.

मी म्हटलं, "कोणीच नाही रोवलं."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. बाबांनी जुडी मांडीवरून उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवली, नीट, कारण धान कोणाचंही असलं तरी टाकायचं नसतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या मशीनवर तू मले खरं दाखवलं गा. आन् तोंडानं खोटं सांगतलं. मी तुह्या तोंडावर भरोसा ठेवला."

मी ओरडलो. दुकान कोण सांभाळणार, ऑपरेशनची धावपळ कोणी केली, मजूर मिळत नाहीत, तीन बांध्यांनी कोणाचं काय होतं, सगळं ओरडून घेतलं. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांना उलटं ओरडता आलं असतं, त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. त्यांनी फक्त सुनंदाला सांगितलं की माझी पिशवी भरून दे. दुसऱ्या दिवशी जीप केली, मागच्या सीटवर गादी टाकून त्यांना आडवं झोपवलं, आणि दीड-दोन तासांत बाबा सुखरूप गावाला पोचले. डॉक्टरांची मनाई आणि माझे जोडलेले दोन महिने, दोन्ही रस्त्यात कुठं आडवी आली नाहीत.

वर्षभर ते तिथंच आहेत. काठी धरून चालतात. देवाजीभाऊची बायको दोन वेळची भाजी-भाकरी आणून देते. यंदा मृगात पऱ्हे पडले, श्रावणात रोवणी झाली, हे मला देवाजीभाऊकडून कळलं, बाबांकडून नाही. मी दर महिन्याला फोन करायचो, ते ठीक हाय म्हणायचे आणि ठेवायचे. मी पुन्हा विमान काढलं एकदा, श्रावणातच. एकटाच गेलो. तिकडे खरं वावर हिरवंगार होतं आणि पडद्यावर तेच करडं, तोच उन्हाळा. मी दांडी इतक्या जोरात ढकलली की विमान आमच्याच वावरात नाकावर आपटलं. पडदा काळा झाला आणि पुन्हा सुरू करायचं का असं त्याने नम्रपणे विचारलं. मी कॉम्प्युटरची वायर उपटून काढली. सुनंदा दारातून बघत होती.

या कार्तिकी पौर्णिमेनंतर बाबांचा स्वतःहून फोन आला. सोमवारी कापणी हाय, म्हणाले, याचं असन तं ये. रविवारीच दुकानाला कुलूप लावलं आणि शेवटची बस धरली.

सोमवारी सकाळी बाबा माझ्या आधी उठून वावराकडे गेले होते. मी घरातला विळा घेतला आणि तडक निघालो. आज चुकायचं नाही, कोणी सांगण्याआधी कामाला लागायचं, असं मनाशी घोकत होतो. मोहाच्या झाडाखाली बाबा बाजेवर बसले होते, काठी मांडीवर. देवाजीभाऊ आणि त्याची बायको विळ्यांना धार लावत होते. मी थांबलो नाही, चप्पल काढून सरळ खाली उतरलो. समोर नजर जाईल तिथवर पिवळं धान, लोंब्या इतक्या झुकलेल्या की धुरे त्यांच्याखाली बुडून गेले होते. वरून कितीदा तरी घिरट्या घातलेली जमीन ती. तिचा आकार, तिचे कोपरे, सगळं मला पाठ. नाल्यापासून अंदाजाने तिसरी बांधी मोजली, वाकलो, मूठभर धान धरलं आणि कापलं. दुसरी मूठ धरली तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

"ते आपलं नोहोय. देवाजीचं हाय."

देवाजीभाऊ हसला. त्याची बायको पदर तोंडाशी धरून हसली, आणि म्हणाली की राहू द्या भाऊजी, आमचंच काम हलकं करून राह्यले तुम्ही. बाबा हसले नाहीत. पायाखाली चिखल अजून ओला होता, हातात दुसऱ्याचं धान होतं, आणि मला इतका संताप आला की कानात घुमायला लागलं. माझ्यावर, त्या पडद्यावर, मला झाडाखाली बसवून ठेवणाऱ्या त्या म्हाताऱ्यावरही. मी तिथूनच ओरडलो, "मंग आपलं कोणतं?"

बाबांनी काठी उचलली. दाखवायला म्हणून ती अर्धी वर गेली, तिथं थांबली, आणि त्यांनी ती परत मांडीवर ठेवली.

"तूच पाह्य," ते म्हणाले. "मी बसलो आहो इथं."